गेट ते खाट : विदर्भातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाचं प्रकरण

सुगम्यतेच्या तपासणी अर्जात या रुग्णालयाची सगळी उत्तरं 'होय' होती. रॅम्प आहे का? होय. दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह? होय. व्हीलचेअर? होय, तीन. स्वतंत्र रांग? होय. आणि तरीही दर बुधवारी, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशी, माणसं कुणाच्या तरी पाठुंगळी बसून किंवा प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलली जाऊन पहिल्या मजल्यावर पोचत होती. अर्ज भरणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. अर्जात जे विचारलं होतं ते सगळं इमारतीत होतं. ते एकमेकांना जोडलेलं आहे का, एवढं कुणी विचारलं नव्हतं.

रुग्णालयाचं नाव इथे लिहीत नाही. यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, पन्नास खाटा, दुमजली इमारत. जमीन काळी, पावसाळ्यात आवारात पाणी तुंबतं, म्हणून जोतं उंच घेतलेलं. खाली ओपीडी, अपघात कक्ष, प्रसूती, दोन वॉर्ड, अधीक्षकांची केबिन, लेखा शाखा आणि सभेची एक प्रशस्त खोली. वर नेत्र विभाग, फिजिओथेरपी आणि प्रमाणपत्रासाठी तपासणी करणारं दिव्यांग मंडळ. ज्यांना जिना सगळ्यात अवघड, नेमके तेच तीन विभाग जिन्याच्या वर. यामागे कुणाचा दुष्टपणा नाही. हे विभाग उशिरा मंजूर झाले. ते आले तेव्हा खालच्या खोल्या वाटल्या गेल्या होत्या, उरलं ते त्यांना मिळालं. विदर्भातल्या बऱ्याच सरकारी इमारतींत खोल्यांची वाटणी अशीच होते. आधी आलेला खाली, नंतर आलेला वर.

येणारे रुग्ण कोण, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अपंगत्व म्हटलं की डोळ्यांपुढे व्हीलचेअर येते, पण इथल्या रांगेत व्हीलचेअरवाले थोडे. सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये किंवा जिनिंगमध्ये हात गेलेले तरुण, अर्धांगवायूचे वयस्क, चाळिशी-पन्नाशीतले पोलिओग्रस्त, मधुमेहात पाय कापावा लागलेले. या पट्ट्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे पन्नाशीतच पाठ आणि गुडघे ताठरतात, पायरीला पाय उचलत नाही. पूर्व विदर्भाकडून येणाऱ्यांत हत्तीपाय आहे. कुष्ठरोगातून बरे झालेले, पण हातापायांची संवेदना गेलेले आहेत. आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण, जे दिसायला अगदी धडधाकट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले. म्हणजे कायद्याने दारं उघडली, इमारत मात्र १९९५ च्या, सात प्रकारांच्या जुन्या कायद्यातल्या माणसालाही आत घेऊ शकत नव्हती.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यातले ६९ टक्के खेड्यांत राहणारे. महाराष्ट्राचा आकडा साडेएकोणतीस लाखांच्या वर होता. तेव्हाच्या गणनेत सिकलसेल मोजलाच नव्हता.

पाहणी कशी केली

मी फिजिओथेरपिस्ट. त्या वेळी रुग्ण कल्याण समितीने मला निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. नव्या वैद्यकीय अधीक्षक मॅडमनी एकच अट घातली, की अहवाल नको, यादी हवी आणि यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर कुणी करायचं ते हवं. मग बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा, तीनचाकीवर फिरणारा एक जण, जिल्हा परिषद शाळेतले एक दृष्टिहीन संगीत शिक्षक, आशांची गटप्रवर्तक ताई आणि बांधकाम विभागाचे कनिष्ठ अभियंता असे आम्ही निघालो. खोल्या तपासायच्या नाहीत, एका केस पेपरच्या मागे चालायचं, असं ठरवलं. गेट, केस पेपर, ओपीडी, रक्त तपासणी, एक्स-रे, औषध खिडकी, संडास, परत गेट. जिथे थांबावं लागलं तिथे खडूने फरशीवर फुली.

पहिली फुली गेटातच पडली. आवारात मोकाट गुरं शिरतात आणि कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, म्हणून गेटाच्या तोंडाशी खड्डा करून त्यावर लोखंडी पाइप आडवे टाकले होते. गुरांना त्यावर पाय टाकायची भीती वाटते, ती बाहेरच राहतात. कुबडीचं टोक, पांढरी काठी आणि तीनचाकीचं पुढचं चाक हेही तिथेच अडकतं. झेरॉक्सवाला गेली कित्येक वर्षं गेटाबाहेरूनच फोन करून कुणाला तरी औषध आणायला सांगायचा. रॅम्पवर तो कधी गेलाच नव्हता, कारण रॅम्पपर्यंत पोचलाच नव्हता.

अभियंत्याने आधी पाइपांवर पत्रा टाकायचं सुचवलं. पत्रा टाकला तर गुरंही त्यावरूनच येणार. दुसरा उपाय चौकीदाराने बाजूचं फाटक उघडून द्यायचं असा होता. त्यावर मॅडम म्हणाल्या, "चौकीदार चहाला गेला की रुग्णाने काय करायचं?" शेवटी कुंपणाची भिंत थोडी फोडून १२० सेंटिमीटर रुंदीची वेगळी सपाट वाट केली. तिला हलकं फाटक, तिरक्या बिजागऱ्यांवर, हात सोडला की आपोआप लागणारं, आणि कडी अशी की एका हाताने, मूठ न वळवता, मनगटानेही उचलता यावी. थ्रेशरमध्ये बोटं गेलेल्याने ती उघडून दाखवली तेव्हा कडी पास झाली. गुरं येत नाहीत. शेळ्यांनी मात्र फाटक ढकलायचं आठवडाभरात शिकून घेतलं. शेळ्यांवर बांधकाम विभागाकडेही उपाय नाही.

रॅम्प

पोर्चसमोरचा रॅम्प अंदाजपत्रकात 'रॅम्प, १ नग' असा लिहिलेला होता आणि तो नगासारखाच बांधलेला होता. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने उंची काढली. जोतं ७५ सेंटिमीटर, रॅम्पची लांबी साडेचार मीटर. म्हणजे उतार १:६. सुगम्यतेच्या मानकांप्रमाणे १:१२ पेक्षा तीव्र उतार चालत नाही, याचा अर्थ इथे नऊ मीटर लांबी हवी होती, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा, जिथे खुर्ची वळते आणि दार उघडताना मागे घसरत नाही. झेरॉक्सवाल्याला चढवायला दोघे लागले. उतरल्यावर तो म्हणाला, "सर, हा रॅम्प नाही होय, घसरगुंडी होय. मी पुढं जातो आन गाडी माह्या मागून येते."

उताराखेरीज आणखी दोन रोग होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. इमारतीचा पाया खोल असतो म्हणून ती टिकते. रॅम्प मात्र वरच्यावर मातीवर बसवलेला असतो, म्हणून तो खचतो आणि जोत्यापासून सुटतो. इथे वरच्या टोकाला तीन बोटांची फट पडली होती. चढून आलेल्या माणसाचं पुढचं चाक शेवटच्या क्षणी तिच्यात जायचं. दुसरा रोग चकचकीत फरशीचा. उद्घाटनाला छान दिसते, पहिल्या पावसात पाय घसरतो.

नऊ मीटरचा रॅम्प पोर्चसमोर बसत नव्हता, रुग्णवाहिकेची वळायची जागा जात होती. अभियंत्याने वळणाचा रॅम्प काढून पाहिला, तो खर्चीक निघाला. मग संगीत शिक्षकांनी सहज विचारलं, की पश्चिमेकडून ड्रेसिंगच्या वासाची झुळूक येते तिकडे दार आहे का? होतं. ड्रेसिंग रूमचं मागचं दार, कायम कुलपात. त्या बाजूला जुन्या बांधकामाचा भराव पडून जमीन वर आली होती आणि जोतं जेमतेम ४५ सेंटिमीटर उरलं होतं. तिथे सहज साडेसहा मीटरचा रॅम्प बसला, उतार १:१४ च्या आसपास. काळी माती काढून मुरूम थराथराने पाणी मारून ठोकला. जोत्याशी सांधा मोकळा ठेवून वर एकाच बाजूने बसवलेली जाड लोखंडी पट्टी टाकली, रॅम्प हलला तरी फट पडणार नाही अशी. वर फरशी नाही, साधं काँक्रीट, ओलं असताना आडव्या खराट्याच्या रेषा मारलेलं. कडेला चाक उतरू नये म्हणून चार बोटं उंच कड, आणि दोन्ही बाजूंना दोन उंचीचे कठडे, ७६ आणि ९० सेंटिमीटरवर. खालचा लहान मुलांना आणि खुर्चीवरच्यांना, वरचा उभ्याने चालणाऱ्यांना.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो निर्णय. हे दार दिव्यांगांसाठीचं मागचं दार होऊ शकलं असतं. मॅडमनी केस पेपरची खिडकीच त्या बाजूला हलवली. त्यामुळे ओपीडीला येणारा प्रत्येक जण, ताप आलेलं लेकरू कडेवर घेतलेली आई असो की गुडघेदुखीचा म्हातारा, त्याच रॅम्पवरून जातो. वेगळं दार असतं तर त्याला पुन्हा कुलूप लागलं असतं आणि किल्ली कुणाकडे तरी असती. गर्दीची वाट आपोआप झाडली जाते, दिवा गेला तर बोंब होते, मोटरसायकल आडवी लावली तर लोकच हाकलतात. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या सोयींपैकी बहुतेक फक्त दिव्यांगांसाठी वेगळ्या काढलेल्या होत्या.

कठड्यावरून एक वाद झाला. स्टेनलेस स्टील टिकाऊ म्हणून अंदाजपत्रकात तेच होतं. पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी उघड्यावरच्या स्टीलला हात लावून पाहावा. साधा माणूस चटका बसला की हात काढतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्याला चटका कळत नाही, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर समजतं आणि त्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत. वरोऱ्याचं आनंदवन आणि वर्ध्याजवळचं दत्तपूर या कुष्ठरुग्णांच्या वसाहती ज्या प्रदेशात आहेत तिथे हा विचार सरकारी दरसूचीत असायला हवा होता. पाइपावर जाड प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि वर पत्र्याचं छप्पर मंजूर होईपर्यंत कृषी केंद्रातून आणलेली हिरवी शेडनेट बांधली. छप्पर अजून मंजूर झालेलं नाही. शेडनेट दुसरी आहे, पहिली वावधनात फाटली.

खोल्यांची अदलाबदल

सगळ्यात मोठा बदल एका पैशाच्या सिमेंटशिवाय झाला, आणि सगळ्यात जास्त भांडणही त्यावरच झालं.

बुधवारी जिल्ह्याहून अस्थिरोगतज्ज्ञ यायचे आणि वरच्या खोलीत बसायचे, कारण प्रमाणपत्राचा संगणक, प्रिंटर आणि इंटरनेटचा पॉइंट तिथे होता. फ्लोरोसिसने, म्हणजे पाण्यातल्या फ्लोराइडने, वाकलेल्या एका आजीबाईंना मी विचारलं, वर कशा आलात? "चढाले तीन माणसं लागतात, उतराले चार. घरी तं दोनच हायेत. मंग शेजाऱ्याची मजुरी भरून आणलं." म्हणजे जे प्रमाणपत्र बसच्या सवलतीसाठी आणि निराधार योजनेच्या पैशासाठी हवं, त्यासाठी आधी मजुरी मोजायची. फिजिओथेरपीचं तर बोलायलाच नको. पक्षाघाताचा रुग्ण जिना चढून आला तर त्याला माझी गरज कमी, आणि ज्याला खरी गरज तो खालीच बसून राहायचा.

खाली सभेची खोली होती. महिन्यातून एखादी बैठक, एरवी खुर्च्यांवर धूळ. तिच्याशेजारी लेखा शाखा. आमचं म्हणणं साधं होतं, लेखा शाखा आणि सभा वर न्या, दिव्यांग मंडळ आणि फिजिओथेरपी खाली आणा. मोठे बाबू नाराज झाले. त्यांचा पहिला मुद्दा, खाली आणलं की बुधवारी गर्दी होईल. गर्दी तर आधीही होतीच, फक्त ती जिन्यावर बसलेली होती. दुसरा मुद्दा कपाटं आणि डेड स्टॉक रजिस्टरचा, कोणती वस्तू कोणत्या खोलीत याच्या नोंदी बदलाव्या लागतील. हा मुद्दा बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल, पण लेखापरीक्षणात वस्तू सापडली नाही तर उत्तर बाबूंनाच द्यावं लागतं, तेव्हा त्यांची भीती खरी होती. मॅडमनी नोंदी बदलायला एक माणूस आठवडाभर मोकळा केला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं लेखी पत्र आणवलं. तिसरा मुद्दा कुणी बोललं नाही. खालच्या खोलीला एसी होता.

शेवटी एसी खालीच राहिला, मंडळाच्या खोलीत.

नेत्र विभाग हलवता आला नाही. त्याला अंधारी खोली आणि जागेवर बसवलेली यंत्रं लागतात. तिथे तडजोड म्हणून जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी जाड पट्टी मारली, कठडा पहिल्या पायरीच्या आधी आणि शेवटच्या पायरीनंतर एक हात पुढे वाढवला, आणि नेत्र तंत्रज्ञ प्राथमिक तपासणीचा तक्ता घेऊन ठरावीक वेळी खाली बसतात. दृष्टिहीनांना वाट कळावी म्हणून आवारात ठिपक्यांच्या स्पर्शफरशा आधीच बसवल्या होत्या. संगीत शिक्षक काठी टेकत त्यांच्यावरून चालले आणि त्या त्यांना थेट तुळशीच्या कुंडीवर घेऊन गेल्या. कुंडी नंतर ठेवली होती. ती उचलून बाजूला करायला कुणाचीच मंजुरी लागली नाही.

संडास

दिव्यांगांचं स्वच्छतागृह होतं, कुलूपबंद, आत फिनाइलचे कॅन आणि सलाइनची रिकामी खोकी. उघडून घेतलं तर दार आत उघडणारं. खुर्ची आत गेली की दार लागत नव्हतं. रुंदी ७० सेंटिमीटर, हवी ९०. कमोडशेजारचा आधाराचा दांडा हातात आला. हे शब्दशः, तो भिंतीतून निघून हातात आला. साडेचार इंची विटांच्या भिंतीत प्लास्टिकच्या गुल्ल्या ठोकून स्क्रूने बसवला होता. माणूस दांड्यावर पूर्ण भार टाकून उठतो, ती गुल्ली टॉवेल टांगण्यासाठी असते. नवा दांडा भिंतीच्या आरपार बोल्ट नेऊन, पलीकडे लोखंडी पट्टी लावून बसवला. दार बाहेर उघडणारं केलं. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटरवर, म्हणजे खुर्चीच्या बैठकीइतकी, आणली. आत १५० सेंटिमीटरचं वळायचं वर्तुळ मोकळं ठेवलं. नळ फक्त उजवीकडे होता. ज्याची उजवी बाजू गेली त्याने काय करायचं? लांब नळीचा फवारा लावला, दोन्ही हातांना पोचेल असा.

कुलूप काढलं तर घाण होते, लावलं तर सोय नाही, हा प्रश्न राहिला. आम्ही तेही सगळ्यांसाठी खुलं केलं. आता गरोदर बायका आणि गुडघेदुखीचे म्हातारेही ते वापरतात, कधी कधी थांबावं लागतं. मला ते चालतं.

जे डोळ्यांना दिसत नाही

सिकलसेलच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीला प्राधान्याच्या रांगेतून बाहेर काढलं होतं. "पाय तं धड हायेत तुये," असं रांगेतलेच लोक म्हणाले आणि शिपाई गप्प बसला. तिच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजत होतं. सिकलसेलमध्ये हे घडतं. चार पावलं चालताना कळत नाही, पण तासभर उभं राहणं किंवा जिना चढणं यातना असते. त्यातून उन्हात पाणी न पिता उभं राहिलं तर वेदनेचा झटका येऊ शकतो. कायद्याचं कलम २५ सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य, दोन्ही सांगतं. रांगेची पाटी होती, पण रुग्णाने प्रत्येक खिडकीवर आपलं दुखणं चारचौघांत सिद्ध करायचं होतं. आता केस पेपर काढतानाच दिव्यांगाचं कार्ड पाहून कोपऱ्यावर शिक्का मारतात. पुढच्या खिडक्यांनी फक्त शिक्का पाहायचा, कारण विचारायचं नाही. रांगेशेजारी बाकडी आणि पाण्याचा माठ.

कर्णबधिरांसाठी तर उपाय एवढा स्वस्त होता की लाज वाटावी. नंबर ओरडून पुकारायचे, आता पाटीवर लिहितात.

टेबल, वजन, खुर्ची

तपासणीचं टेबल कमरेएवढं उंच, वर चढायला दोन पायऱ्यांचं हलतं स्टूल. कमरेखाली शक्ती नसलेली एक गरोदर बाई त्यावर चढू शकली नाही म्हणून तिची तपासणी बसूनच, वरवर झाली होती. दिव्यांग स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचा उल्लेख कलम २५ मध्ये वेगळा केलेला आहे, तो अशा टेबलांमुळेच करावा लागतो. गावातल्या सुताराकडून ४८ सेंटिमीटर उंचीचा भक्कम लाकडी दिवाण करून घेतला, वर रेक्झिनची गादी. डॉक्टरांना वाकावं लागतं. त्यांनी कुरकुर केली, मग स्वतःसाठी चाकाचं स्टूल मागवलं.

त्या बाईचं वजनही कधी झालं नव्हतं, कारण काट्यावर उभं राहावं लागतं. नोंदवहीत अंदाज लिहिला होता. गटप्रवर्तक ताईंनी अडत्याकडचा, पोती तोलायचा जमिनीवरचा सपाट काटा सुचवला. खुर्चीसकट तोलायचं, मग रिकामी खुर्ची तोलून वजा करायची. रुग्ण कल्याण समितीने तसाच काटा विकत घेतला. आता तो सगळ्यांनाच सोयीचा पडतो, झोळीतल्या लेकरालासुद्धा.

तीन व्हीलचेअरपैकी दोन भांडारात बंद होत्या. एकीचं पुढचं चाक मोडलेलं, दुसरी धड होती पण चोरीला जाईल म्हणून ठेवलेली. बाहेरची तिसरी हवी असेल तर नातेवाइकाने मोबाइल तारण ठेवायचा. एकट्याने आलेल्याने काय ठेवायचं? मॅडमनी तारण बंद केलं, खुर्च्यांना भडक नारिंगी रंग दिला आणि पाठीवर रुग्णालयाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. चाकं गावातला सायकलवाला दुरुस्त करतो, त्याचं बिल समिती देते.

पैसा आणि कायदा

मोठी कामं बांधकाम विभागाकडून, छोटी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून, अशी वाटणी केली. छोट्यांची यादी लांब आणि स्वस्त होती म्हणून ती आधी संपवली. फाटक, शिक्के, पट्ट्या, दांडे, काटा, खोल्यांची अदलाबदल, यातल्या कशालाही निविदा लागली नाही. रॅम्पला प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा असा पूर्ण प्रवास करावा लागला आणि काम मार्चअखेरीस उरकलं, जसं सगळीकडे उरकतं. अंदाजपत्रकात या वेळी नगाऐवजी लांबी, उतार, सपाट जागा आणि पृष्ठभाग लिहायला लावला, म्हणून मोजमाप पुस्तिकेत ते तपासता आलं. दिव्यांगांसाठी राखायचा स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी नगरपंचायतीकडे असतोच. त्यातून बसस्टँडपासून गेटापर्यंतचा तुटका फुटपाथ मागितला. तो अर्धा झाला आहे.

कायद्याचा आधार कितपत लागला? सुरुवातीला फारसा नाही, कारण तो ढिला होता. कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना २०१७ चे नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती, ती जून २०२२ मध्ये उलटली. मानकं मात्र मार्गदर्शक स्वरूपाची, म्हणून अधिकारी 'शक्य तितकं केलं' असं लिहून मोकळे होऊ शकत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेबद्दलच्या राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. कायदा सक्ती सांगतो आणि नियम १५ फक्त शिफारस करतो, हे विसंगत आहे म्हणून तो नियम कायद्याशी न जुळणारा ठरवला, आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे किमान निकष करायला सांगितलं. आमच्या कामात त्या निकालाचा उपयोग एका पत्रापुरता झाला, पण ते पत्र कामाचं होतं. रुग्णालयाला नवीन विस्तारित इमारत मंजूर झाली आहे. तिच्या पहिल्या नकाशात फिजिओथेरपी पुन्हा पहिल्या मजल्यावर होती. मॅडमनी कलम ४४ लिहून नकाशा परत पाठवला. मानकं पाळली नाहीत तर बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, असं ते कलम सांगतं.

वास्तुविशारदाचं उत्तर आलं, की लिफ्ट दाखवली आहे. त्यावर अभियंत्यानेच विचारलं, की लाइट गेल्यावर काय? सध्याच्या जनरेटरवर शस्त्रक्रियागृह, प्रसूती कक्ष आणि लसींचे फ्रीज आहेत. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते आणि ओपीडीची गर्दीही तेव्हाच असते. सुधारित नकाशात फिजिओथेरपी आणि दिव्यांग मंडळ खाली आले आहेत, सगळी दारं ९० सेंटिमीटरची झाली आहेत. वर जाणाऱ्या वॉर्डांसाठी लिफ्ट राहिली आहे. तिचा भार जनरेटरमध्ये धरायचा की नाही, ही फाइल विद्युत शाखेकडे गेली आहे, आणि धरला नाही तर वरच्या मजल्यावर वॉर्ड घेणार नाही असं मॅडमनी त्याच फाइलवर लिहून ठेवलं आहे.